उभे प्रवासी नाहीत

तौफिक बागवानने काचेवर दोन यंत्रं ठेवली.
एक माझ्या अंगठ्याएवढं,
दुसरं चुन्याच्या डबीहून मोठं, जड,
पाठ आरशासारखी,
तिच्यात राजारामपुरीची सहावी गल्ली वाकडी होऊन बसलेली.

"काका, हे बारकं नुसतं गातंय.
हे मोठं गातंय, शिवाय फोटो पोटात घेतंय.
कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की हिकडं ओतायचं,
कार्ड रिकामं, परत सुरू."
किंमत ऐकून मी उगाच पंख्याकडे बघितलं.

जायचंय सिक्कीमला, मेव्हण्याच्या ग्रुपमधून.
हौसाचे गुडघे येत नाहीत.
म्हणाली, "एकतीस वर्षं गाडीवर हिंडलासा,
घरात एक डोंगर आणला न्हाईसा."
खरं आहे.
गगनबावड्याच्या रोज दोन फेऱ्या,
घरी आणली ती शर्टाला डिझेलचा वास
आणि बोटांना नाण्यांचा.

गाणी माझी, फोटो तिचे,
पोट एकच.

"एक गाणं म्हणजे किती फोटो?"
तौफिकने ओठ हलवत हिशोब केला. "दोन धरा."
म्हणजे गाणं फुल, फोटो हाफ.
हात आपसूक डाव्या काखेकडे गेला.
तिथं चामड्याची पिशवी नव्हती.
"आणि उभे किती घेतंय?"
"उभं न्हाई घेत, काका. भरलं की भरलं.
पण पंधरा हजार फोटो बसतील, कशाला काळजी करतासा?"
चव्वेचाळीस सीटही पुष्कळच वाटतात,
चैत्रात जोतिबाची जादा गाडी लागेपर्यंत.

मग त्यानं ते माझ्या कानाला लावलं.
आत काहीतरी फिरत होतं,
झोपलेल्या मांजराच्या पोटात फिरतं तसं.
"चकती हाय आत."
"गचका बसला तर?"
"जरा सांभाळून वापरायचं."
हे करूळ घाटाला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

बारक्यात फिरणारं काहीच नाही,
पडलं तरी उठून गाईल.
पण त्याला डोळे नाहीत.
मग हौसाला काय सांगू, बर्फ असा असा होता म्हणून?
मला तसं सांगता येत नाही.
मला फक्त थांबे सांगता येतात.

आठ दिवसांमागं त्याच्याकडं एक कॅसेट दिली होती.
बाबू शिंगे, माझा ड्रायव्हर,
शेवटच्या फेरीला झोप येऊ नये म्हणून गायचा,
बेसूर, स्टिअरिंगवर ताल धरून.
एकदा मी मेव्हण्याचा टेपरेकॉर्डर नेला
आणि बॉनेटवर ठेवला.
त्रेचाळीस मिनिटं.
बाबू जाऊन नऊ वर्षं झाली.
"हे एकटंच वीस फोटोंची जागा खातंय," तौफिक म्हणाला,
"ठेवू का काढू?"
म्हटलं, रिझर्व्हेशन आहे त्याचं.

मोठंच घेतलं.
निम्मे रोख, उरलेले तीन हप्त्यांत.
हौसाला किंमत चार हजारांनी कमी सांगायची
हे दुकानाच्या पायरीवरच ठरलं.

केएमटीत खिडकी मिळाली.
कानात बोंडं घातली, बटण दाबलं.
इंजिनाची घरघर,
चढणीला चिरकलेला बाबू,
आणि त्याच्यामागं, लांब, गर्दीतून वाट काढत
एक तरणा माणूस ओरडतोय,
तिकीट, तिकीट बोला, पुढं सरका,
मागं जागा आहे.
कसली घाई होती त्याला, कोण जाणे.

खांद्यावर टकटक झाली.
बराच वेळ उभा असावा बिचारा,
हातातला पंच वाजवत.
"आजोबा, तिकीट! कवाधरनं वरडतोय."
मला वाटलं, तो मीच.

रंकाळा एक, म्हटलं,
आणि सुट्टे मोजून दिले.