तारण: पाणीपट्टी

दांडिया बाजारातली आमची बँक
मोठ्या बँकेत विलीन झाली, त्या मार्चमध्ये
मला आणि मनसुखभाईंना तळघरात धाडलं:
जुन्यातलं काय ठेवायचं, काय रद्दीत, बघा.

मोडी मला यायची, गुजराती आकडे त्यांना.
एका वहीला दोघं लागायचो.

नळयोजना. कर्जरोखे. साडेचार टक्के, मुदत तीस वर्षं.
तारणाच्या रकान्यात जमीन नाही, सोनं नाही,
वळणदार अक्षरात एवढंच: पाणीपट्टी.
म्हणजे जे पाणी अजून आलंच नव्हतं
त्याच्या भरवशावर
बिडाचे नळ बोटीतून उतरले,
बैलांनी ओढले,
आणि तलावापासून वेशीपर्यंत
मातीखाली निजवले.

सगळंच काही साधलं नाही.
नदीवरच्या एका पुलापुढे तांबडी शाई:
दोन कमानी खचल्या, रक्कम बुडीत.
मनसुखभाई चष्मा पुसत म्हणाले, आ तो गयुं,
जणू काल संध्याकाळीच वाहून गेला.

रोखे घेणारांत सरदार, सावकार, ते असणारच.
मधेच रुक्मांगद चित्रे, ड्रॉइंग मास्तर, दोन.
हुसेनबी, बाप रंगारी, एक.
भद्राबाई प्रधान, विधवा, एक, पाटल्या मोडून.

हे 'पाटल्या मोडून'
कारकुनाने का लिहिलं असेल?
हिशेबाला त्याची गरज नव्हती.

तिचा रोखा सापडला, चौघडी घातलेला.
सहामाही व्याजाची साठ कूपनं,
एकही कापलेलं नाही.
कधी आलीच नाही बाई.
की विसरली, की मेली,
की तिच्या आळीत नळ आला
आणि तिला वाटलं, मिळालं.
मला काय माहीत. वहीत नाही.

मुख्य कचेरीचं पत्र स्पष्ट होतं:
दाव्याची मुदत संपलेले कागद नष्ट करावेत.
मी तो 'ठेवा'च्या ढिगावर टाकला.
मनसुखभाईंनी उचलून रद्दीत.
मी परत उचलला.
तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं पाहिलं
आणि दुसरी वही उघडली.

सहाला वर आलो, कोपरापर्यंत धूळ.
मागच्या चौकात त्यांनी तोटी सोडली.
आधी नुसती हवा आली,
कुणीतरी लांबून खोकल्यासारखी,
आणि आम्ही दोघं
हात पुढे धरून उभे.