वरचा एक

मातेय झेलेन्का बोहेमियातून आला तेव्हा
गावाला नावही नव्हतं. एक विहीर, दोन तंबू,
आणि डोळा थकेल तिथवर डाकोटाचं गवत.
त्यानं दोन पिंपांवर फळी टाकली
आणि म्हणाला, दुकान.

रॉकेल, मीठ, क्विनाइन, घोड्याचे नाल,
लग्नाच्या अंगठ्या, पितळेच्याच,
शवपेटीच्या कड्या, सहाचा संच.
खिळे तो वजनावर विकायचा,
पारडं टेकलं की वरून एक टाकायचा.
"एखादा वाकतोच," म्हणायचा.

टोळ आले त्या साली
सगळं गाव त्याच्या वहीत राहायला गेलं.
आमच्या पानावर पीठ, पीठ, पीठ,
आणि मुलीचे बूट.
बूट लहान व्हायच्या आधीच ती गेली.
त्यानं ती ओळ खोडली. मला विचारलं नाही.

मग रेल्वे आली. म्हणजे आली नाही,
अकरा मैल दक्षिणेकडून गेली.
लोकांनी घरं ओंडक्यांवर चढवली, बैल जुंपले,
पडद्यांसकट नेली.
झेलेन्का हलला नाही. "विहीर इथं आहे."
रोज दार उघडायचा, तराजू पुसायचा,
दार लावायचा.

फेब्रुवारीत मेला.
जमिनीवर कुदळ आपटून उडायची.
एप्रिलपर्यंत मागच्या कोठीत थांबला,
न खपलेल्या मालासारखा.

पेटी मी ठोकली.
खिळे त्याच्याच डब्यातले, मोजून घेतलेले.
शेवटचा वाकला.

मी वळून
फळीकडे पाहिलं.