सायमीचं नवं पुस्तक

सायमी, तुझं पुस्तक काल दुकानात आलं,
रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या पोत्यांबरोबर,
एकाच ट्रकमधून.
खोका मी स्क्रू-ड्रायव्हरनं फोडला.

पहिल्या कादंबरीत तू मला तिसऱ्या प्रकरणातच मारलंस,
न्यूमोनियानं. म्हटलं, चला, सुटले.
दुसरीत मी पुरुष होते आणि पीत होते.
तिसरी फिनलंडहून निघालेल्या बोटीची,
तिच्यात मला शोधून शोधून दमले.
चौथीत मी कुत्री, तीन पायांची.
तिला बक्षीस मिळालं.
म्हणजे पुस्तकाला.

लोक म्हणतात, तुझे विषय तेच ते:
बंद पडलेली लोखंडाची खाण,
सुपिरियरवरचं कच्चं बर्फ,
घरी न परतलेला एक मुलगा,
आणि दर पुस्तकात कुठे ना कुठे
टेबलावर एक जादा ताट.

ऑक्टोबरात मॅडिसनहून एक पोरगा आला होता,
तुझ्यावर प्रबंध लिहितोय.
त्यानं ताटं मोजलीत. सतरा भरली.
या ताटाचा अर्थ काय, म्हणाला.
मी ताकास तूर लागू दिली नाही.
त्याच्या गाडीला बर्फ खरवडायचं खोरं नव्हतं,
ते विकलं.

अर्थ कसला?
आई आर्वोचं ताट मांडायची, एवढंच.
एप्रिलभर मांडलं.
मग मे महिन्यात, सरोवर मोकळं झालं त्या आठवड्यात,
बाबांनी एका संध्याकाळी ते उचललं.
स्वच्छच होतं, तरी धुतलं.
पुसलं. कपाटात बाकीच्यांच्या खाली सरकवलं
आणि आमच्याकडे पाठ करून
तिथेच उभे राहिले,
बटाटे पार गार होईपर्यंत.
आई काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवसापासून चारच.

तू त्या संध्याकाळी खाली आली नव्हतीस.
डोकं दुखतंय म्हणालीस, वर वाचत पडलीस.
म्हणून तुझ्याकडे ते ताट
अजून कुणी उचललेलंच नाही,
पाच पुस्तकं झाली, तीस वर्षं झाली.

सांगायला हवं होतं मी.
पण तू फोनवर हवामान विचारतेस
आणि मी हवामान सांगते.

आज गल्ल्यावर बसून वाचायला घेतलं.
या वेळी मी शाळेच्या बसची ड्रायव्हर आहे,
बरी आहे, कुणी मारलेलं नाही अजून.
पान एकेचाळीस:
आई सुऱ्या मांडते, काटे मांडते, मग

अठरा.

पावतीची खूण घालून पुस्तक मिटलं.
समोर म्हातारा हाउटाला उभा होता,
फावड्याचा दांडा हवा म्हणत,
नुसता दांडा.