वाऱ्याविरुद्धचं टोक

कपाटावर अजून एकवीस वह्या आहेत.
बायको म्हणते, रद्दीत घाल, कोपरे उंदरांनी खाल्लेत.
कोपऱ्यांत तसंही फक्त अवांतर धावा असतात.

हरेश्वर मढवी,
तुझं नाव मी एका सामन्यात दोनदा लिहायचो.
वर, बॅटिंगमध्ये, सातवं.
खाली, बॉलिंगमध्ये, तिसरं.
नुसतं मढवी. आद्याक्षर लागायचं नाही,
दिवागावातले बाकीचे मढवी
टेनिस बॉलवरच थांबले.

तू शिकलास मिठागरात, बंद पडलेल्या,
ज्याचा तळ तुझ्या आजोबांनी
पायांनी तुडवून तुडवून सपाट केला होता.
चेंडू तिथे उसळायचा नाही, सरपटायचा.
म्हणून तू सरळ टाकायचास.
म्हणून तुझी बॅट जमिनीला धरून.
दादरच्या कोचला वाटलं,
हे तंत्र आहे.

मग रबाळ्याची कंपनी.
मस्टरवर हेल्पर, दुपारी दोनला सुट्टी, नेटसाठी.
मी स्टोअरमध्ये, आणि शनिवार-रविवार स्कोअरर.
दोन रंगांच्या पेन्सिली मी पगारातून घ्यायचो.

बॅट्समन म्हणायचे, मढवी बॉलर चांगला आहे.
बॉलर म्हणायचे, त्याची बॅट बरी चालते.
ही दोन्ही वाक्यं निवड समितीत
एकाच दुपारी बोलली गेली तर तू आत.
नाहीतर बारावा.
रणजीचे सात सामने झाले असे,
सात दुपारी.

सेंट्रल मैदानावर थंडीत सकाळी
खाडीवरून वारा येतो.
वाऱ्याच्या पाठीवर बसून टाकायला मोठी नावं होती.
तुला जेलच्या भिंतीकडचं टोक,
तोंडावर वारा, डोळ्यांत माती,
शर्ट फुगून पाठीशी भांडतोय.
तेरा षटकं, सहा निर्धाव, एकोणीस धावा, शून्य बळी.
लोक शेवटचा आकडा वाचतात.
ठिपके मी काढलेत, एकेक,
मला माहीत आहे त्या ठिपक्यांनी गुदमरून
समोरच्या टोकाला कोण कोण बाद झालं.
ते बळी दुसऱ्याच्या नावावर आहेत.
माझ्याच अक्षरात.

आणि ते नाबाद चौतीस,
अकरा नंबरच्या साळुंकेला घेऊन, पन्नास मिनिटं.
दर षटकाच्या शेवटच्या चेंडूवर एक धाव,
साळुंके परत सावलीत उभा.
त्याच्या नावापुढे शून्य, नाबाद,
आणि तो ते अजून लग्नाकार्यात सांगतो.

मणका तिसाव्या वर्षी बोलला.
पाचपाखाडीच्या डॉक्टरने फोटो उजेडासमोर धरला,
म्हणाला, यातलं एक काहीतरी सोडा.
तू विचारलंस, कुठलं?
त्याला वाटलं, तू गोळ्यांबद्दल विचारतोयस.

पुढचे दोन मोसम तू एकदाच लिहिला गेलास.
खालच्या रकान्यात माझी पेन्सिल
सवयीने तिसऱ्या ओळीवर थांबायची.
अर्ध्या डावाचा माणूस सातव्या नंबरला कोण ठेवणार,
आणि वर पाठवायला वर जागा नव्हती.
कंपनीही त्याच सुमारास गेली.
आता तिथे काचा आहेत, खाली कॉफी मिळते.

शेवटचा सामना तुझ्या नावाचा नव्हताच.
कुणाचा तरी घोटा मुरगळला,
तू बदली म्हणून आत गेलास, पॉइंटला.
चेंडू उंच गेला, वाऱ्याने मागे ओढला,
सगळे जिथे धावले तिथे तो पडणार नव्हता.
तू एकटाच उलट्या दिशेला निघालास,
सावकाश,
जसं घरी परत जायचंय.
पंधरा वर्षं त्या वाऱ्यात उभं राहिल्यावर
एवढं कळतंच.

नियम असा आहे:
बदली खेळाडूने झेल घेतला तर नाव लिहायचं नाही.
मी लिहिलं, झे. बदली.

पाणी घेऊन तू माझ्या टेबलापाशी आलास,
वहीत वाकून पाहिलंस,
बरोबर आहे, म्हणालास,
आणि रिकामे ग्लास
एकात एक घालायला लागलास.