नडगी

शेहेचाळीस वर्षं तिचं नावही घेतलं नव्हतं.
गुडघा माहीत होता, घोटा माहीत होता,
मधला हा लांबट भाग
पलंगाच्या कडेवर आपटला की तेवढ्यापुरता आठवायचा.

आता जिना उतरताना
पहिल्या पायरीवर ती माझ्याआधी पोचते.

झालं असं, की जूनमध्ये बस सुटली.
मी मागे धावले. मिळाली.
आणि पुढच्याच थांब्यावर उतरले,
पिठाने पांढऱ्या झालेल्या बुटांनी,
पुन्हा एकदा धावून बघायला.

तेव्हापासून रात्रपाळी संपली की
भट्टीची ऊब अंगात असेपर्यंत
मी रांब्लावर येते. मोन्तेविदेओ अजून अंधारात,
नदी गढूळ. आम्ही तिला समुद्रच म्हणतो,
पलीकडचा काठ दिसत नाही, एवढ्या पुराव्यावर.
पहिल्या आठवड्यात दिव्याच्या दोन खांबांपर्यंत,
दुसऱ्यात गळ टाकणाऱ्यांच्या कठड्यापर्यंत,
तिसऱ्यात हाव सुटली.

चौथ्यात, नडगीच्या आतल्या कडेने
कुणी बोथट सुईने दोरा ओढत न्यावा तसं,
टाका न घालता.

वॉशिंग्टन एचेवेरी, खालच्या मजल्यावरचे,
एकतीस वर्षं टपाल वाटलं त्यांनी चढाच्या गल्ल्यांतून.
दारात खुर्ची टाकून येर्बाचा कडू चहा ओढत होते.
माझं लंगडणं त्यांनी जिन्यावरच्या आवाजातूनच वाचलं.
"बोट फिरव," म्हणाले, "हाडावरून, वरून खाली.
एकाच जागी, नाण्याएवढ्या, किंचाळलीस
तर सरळ डॉक्टरकडे जा, माझ्याशी बोलत बसू नकोस.
सगळीकडे थोडं थोडं कुरकुरत असेल
तर तू घाई केलीस. एवढंच."

मी बोट फिरवलं.
वीतभर कुरकुर.

"बूट बघू." टाचा बाहेरून झिजलेल्या,
आणि ती झीज माझी नव्हती. मुलाचे बूट,
वालेन्सियाला गेला तेव्हा कपाटाखाली राहिलेले.
हे मी सांगितलं नाही.
टपालवाल्याने पत्ता विचारला नाही.

मग गोठवलेले वाटाणे फडक्यात गुंडाळून
पाय खुर्चीवर.
खिडकीतून दुसरे धावणारे दिसतात.
त्यांच्या पायांचा हेवा वाटतो,
तरुणपणी बहिणीच्या केसांचा वाटायचा तसा.

रोज रात्री चाळीस किलो कणीक असते माझ्या हाताखाली.
नव्या पोराने, एसेकिएलने, गोळे फुगायच्या आत
भट्टीकडे सरकवले, की मी त्याचं मनगट धरते.
थांब. आत काहीतरी चाललंय,
तुला दिसत नाही म्हणून काय...
काल हे वाक्य अर्ध्यावरच सुटलं.
"काय झालं?" तो म्हणाला.
काही नाही. ट्रे दे.

बारा दिवस काहीच नाही. मग नुसतं चालणं.
मग नवे बूट, माझ्या मापाचे, उधारीवर,
आणि एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं.
दुखणं मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात,
तर मला त्या मुंगीच्या मागे राहायचंय,
आणि ते सगळ्यात अवघड आहे.

आज पहिल्या खांबापाशी घड्याळ वाजलं.
पोटऱ्या म्हणाल्या, अजून.
श्वास म्हणाला, अजून.
दक्षिणेचा वारा कानात काहीबाही.
नडगी गप्प होती.
तरी वाकून, बोट फिरवून, तिला विचारून घेतलं.

"काही हरवलं का बाई?"
कठड्यावरचा म्हातारा गळ न हलवता म्हणाला.
नाही, म्हटलं,
आणि दोन मिनिटं चालत गेले.