कल

सकाळी सहाला आकडीवाले काका येतात.
कानटोपी, प्लॅस्टिकची पिशवी,
कुंपणावरून आत वाकणारी काठी.
जास्वंद त्यांची. तगर त्यांची.
मोगऱ्याची पहिली चार, तीही त्यांच्याच देवाची.
मी खिडकीतून बघते, खोकत नाही.
कर्वेनगरात वसंत असाच येतो,
आधी चोराला कळतो, मग मालकाला.

उरतं ते माझं.
पार्किंग आणि भिंत यांच्यामधल्या चार फुटांत
देवाला न चालणारं बरंच काही उगवतं.
फ्लॉक्स, ज्याला कुठल्याच पूजेत जागा नाही.
नॅस्टर्शियमची तीन नारिंगी, उन्हाने कागद झालेली.
कुंदाची शेवटची, कडेने तपकिरी.
आणि एक लाल लिली, रात्रीतून उमललेली,
एवढी मोठी
की तिची तीच ओशाळलेली.
कडुनिंबाचा तुरा तसा सोसायटीचा,
पण वाकला माझ्या बाजूला.

फुलदाणी वीतभरसुद्धा नाही.
वरच्या मजल्यावरच्या शाल्मलीने केलेली,
सुट्टीतल्या मातीकामाच्या वर्गात.
देताना म्हणाली, काकू, ती जरा डावीकडे बघते.
मग ती मंडळी हिंजवडीला राहायला गेली,
म्हणजे परदेशीच.

लिली ठेवली आणि फुलदाणी आडवी.
पाणी टेबलावर, टेबलावरून पेपरवर,
पेपरवरून विद्याधरच्या शब्दकोड्यात.
चिंचवडच्या कारखान्यातून तो जानेवारीत सुटला,
चौतीस वर्षांनी.
तेव्हापासून रोज कोडं सोडवतो,
जे अडतं ते रिकामं ठेवतो,
मला विचारत नाही.
शाई पसरली. उभे शब्द आडव्यांत शिरले.
रिकामे चौकोन तेवढे स्वच्छ राहिले.

मी म्हटलं, सॉरी.
तो उठला. मला वाटलं, फडकं आणायला.
ओट्याखालच्या खणातून त्याने श्रीखंडाचा जुना डबा काढला,
आतलं लोखंड खडखडवलं, बोटांनी चाचपलं,
बघावंही लागलं नाही त्याला.
स्टीलचा नट. चोवीसचा.
चिमट्यात धरून अलगद तळाशी सोडला,
झोपलेल्या पोराच्या उशीखाली काही ठेवावं तसा.
"हा गंजत नाही," म्हणाला.
मग लिलीचा दांडा उजेडासमोर धरून आत बघितलं.
"शाफ्ट पोकळ आहे."
खराट्याची एक काडी मोडली,
आतून सरकवली, टोक नटाच्या भोकात बसवलं.
लिली उभी राहिली.

बाकीची मी लावली.
फ्लॉक्स दाटीवाटीने, गल्लीतल्या बायकांसारखा.
नॅस्टर्शियमचं एक पान तोंडाशी, नट झाकायला,
मग काढून टाकलं. दिसू दे.
कुंद हाताळता हाताळता गळाला, चार पाकळ्या पाण्यावर.
कडुनिंब कुठेच बसेना,
शेवटी मागे, थोडा बाहेर लोंबता,
रिक्षात चौथा माणूस बसतो तसा.
"डावीकडे भार जास्त होतोय," तो म्हणाला.
असू दे की.
दोन सूत सरकव म्हणाला. मी एक सरकवलं.

संध्याकाळी शाल्मलीला फोटो पाठवला.
तिने विचारलं, अजून पडते?
मी लिहिलं, कधी कधी.
नटाचं सांगावंसं वाटलं, पण ते माझं नव्हतं सांगायला.
टेबलावर कडुनिंबाचा बारीक पांढरा चुरा साठत होता.
रोज दोनदा टेबल पुसणारा माणूस
त्याच्या कडेकडेने चहाचा कप ठेवत होता.

आज सहाला काठी आली,
कुंपणावर थबकली.
"अहो, इथे लिली होती काल!"
आवाजात रीतसर तक्रार,
जणू रेशन दुकानात माल संपलाय.
मी पडद्यामागे.
विद्याधर पेपर आणायला दारात गेला होता.
"आत आहे," तो म्हणाला.
बघायला या, असलं काही म्हणाला नाही,
जन्म इथेच गेलाय त्याचा.

आज गुरुवार. नळाला पाणी नाही.
कालच्याच पाण्यात उभी आहेत सगळी,
नटासकट.