तीन पाण्यांत धुतलेला चहा

देवनारला मी सव्वीस वर्षं काटा वाचला.
हाडं वेगळी, शिंगं वेगळी, रक्ताची पिंपं वेगळी,
प्रत्येकाला आकडा, आकड्याखाली माझी सही.
पोती शिवून ट्रकमध्ये जायची.
कुठं, ते मी कधी विचारलं नाही.

निवृत्त झालो. घाटल्याच्या इमारतीवर, सात मजले चढून,
मासळीवाल्यांचे थर्माकोलचे खोके उन्हात तापवून मांडले,
वांगी लावली.
रोपवाटिकेतून खताची पिशवी आणली,
दोन किलो, वर गुलाबाचं चित्र.
उघडली. पांढरट भुकटी.
छापलेलं वाचायला चष्मा लागला असता,
वास बिनचष्म्याचा वाचता आला.

पिशवी तशीच परत बांधली, जुन्याच गाठीनं.
हात विसरत नाहीत.

तळमजल्यावरचे हळदणकर म्हणाले, मग शेण घाला,
गोमूत्र, गूळ, बेसन, मस्त जीवामृत करा,
त्यात कोण मरतं?
खरं आहे. कोणी मरत नाही.
पण त्या गोठ्याचा रस्ता पुढं कुठं जातो
ते मी काट्यापाशी बसून पाहिलं होतं.

साधू वगैरे नाही मी. बुधवारी बोंबील आणतो.
बायको म्हणते, वांग्याला सोवळं आणि तुम्हाला कालवण?
उत्तर सुचत नाही.
ताट पुसून खातो.

तर मग गोळा करत हिंडलो.
रसवंतीवाल्याचा उसाचा चोथा.
पावभट्टीतली राख,
पोऱ्या म्हणाला, काका, भांडी घासायला का?
शहाळ्याची टरफलं, ठोकून ठोकून सुटा केलेला काथ्या.
घाण्यावरची शेंगदाण्याची पेंड,
ती चार दिवस बादलीत भिजवली,
पाचव्या दिवशी सोसायटीचं पत्र:
गच्चीवर काही मेलं आहे का?
उत्तर लिहून दिलं, तारीख घालून.
काही मेलेलं नाही.
खाली सही केली,
आणि बराच वेळ त्या सहीकडे बघत बसलो.

चहाचा चोथा नाक्यावरच्या टपरीचा.
त्यात दूध असतं, हे माझ्या आधी मुंग्यांना कळलं.
तेव्हापासून तीन पाण्यांत धुतो.
पहिलं पाणी गढूळ, दुसरं मातकट,
तिसऱ्यात नुसती काळी पत्ती,
कुणी अजून उकळलीच नसावी अशी.
फिलोमिना कुटिन्हो कपडे वाळत घालता घालता बघतात.
एवढं तर मी पोरांनापण धुतलं नाही हो, म्हणतात.

पहिल्या वर्षी वांगी गोट्यांएवढी.
पानं पिवळी, म्हणजे नत्राची भूक.
म्हणून ताग पेरला खोक्यांत,
गुडघ्याच्या वर आला, कळ्या धरल्या.
फुलायच्या आत कापून तिथल्या तिथं गाडायचा असतो.
कोवळा, हिरवागार, वाऱ्यावर डुलत होता
आणि मी विळा घेऊन उभा.
हेही कापणंच की, म्हटलं स्वतःशी.
मग कापला.
आकडा लिहायचा नव्हता, एवढंच.

काल एक खोका उपसला.
तळाशी, ओल्या काथ्यात, गांडूळ.
सात मजल्यांच्या वर!
मी आणलं नव्हतं. विकत तर नाहीच.
रोपाच्या मुळाला बिलगून आलं
की पावसाळी पाइपातून चढलं, कोण जाणे.
हळदणकर म्हणाले असते, बघा, हरलात.
असेन.
ज्याचं तो आला, ज्याचं तो खातोय,
मी कोण त्याला नोकरीवर ठेवणारा?

तळहातावर घेतलं.
सवयीनं अंदाज बांधला:
दीड ग्रॅम. फार तर दोन.
थंडगार, आणि माझ्या बोटाखाली कुठंतरी
काहीतरी सरकत असलेलं.

परत ठेवलं. वर धुतलेली पत्ती पसरली,
त्यावर मूठभर राख, नको, राख नको,
त्याला झोंबेल.
राख पुन्हा फुंकून काढली.

खालून बायकोची हाक आली.
बुधवार होता.